बाळाच्या झबल्यातला रेकॉर्डर नेमकं काय मोजतो?

पालकत्वाच्या रील्समध्ये आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर एक आकडा बरीच वर्षं फिरतो आहे: तीन कोटी शब्द. गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं, म्हणे. म्हणून बाळाशी बोला, भाजी चिरताना बोला, कपडे वाळत घालताना बोला, थांबूच नका. हे वाचून रात्र-रात्र जागलेल्या नव्या आईला धीर येण्याऐवजी धडकीच भरते. त्यात २०२४ च्या सुरुवातीला बातमी आली, की एका बाळाच्या डोक्यावर कॅमेरा बांधून जे चित्रण मिळालं, त्यावरून एका एआय प्रोग्रामला शब्द शिकवले.

हे सगळं मोजतात कसं, आणि त्यातून आपल्या घरासाठी काही निघतं का, एवढाच या लेखाचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो. गेल्या पन्नासेक वर्षांत उपकरणं सुधारत गेली तसा मूळ प्रश्नच बदलत गेला. ‘बाळाशी किती बोललात?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘बाळाने आवाज काढल्यावर पुढे काय झालं?’ हा पुढे आला. तीन कोटींचा आकडा त्या जुन्या प्रश्नाचा आहे.

ज्याला बोलता येत नाही, त्याला विचारायचं कसं?

तान्ह्या बाळाच्या ताब्यात फारच थोड्या गोष्टी असतात. चोखणं, रडणं, बघणं, मान वळवणं. म्हणून शास्त्रज्ञांनी तीच साधनं वापरली.

१९८० मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकी संशोधकांनी चोखणी टेपरेकॉर्डरला जोडली. बाळ सलग चोखत नाही. थोडं चोखतं, थांबतं, पुन्हा चोखतं. हा मधला विराम एका विशिष्ट पद्धतीचा ठेवला तर कानावर आईचा आवाज यायचा, वेगळा ठेवला तर दुसऱ्या बाईचा. जन्मून तीन दिवसही न झालेल्या या बाळांनी आईचा आवाज ऐकू यावा म्हणून आपल्या चोखण्याची लय बदलली. बाळं होती फक्त दहा, पण पद्धत इतकी चोख होती की पुढे तिच्यावर कितीतरी प्रयोग उभे राहिले.

२००९ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठाच्या काथलीन वेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० नवजात बाळांचं रडणं रेकॉर्ड करून त्याची चाल संगणकावर तपासली. निम्मी बाळं फ्रेंच घरांतली, निम्मी जर्मन. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जाणारा निघाला आणि जर्मन बाळांचा उतरत जाणारा. त्या-त्या भाषेची बोलण्याची ढब साधारण तशीच आहे. म्हणजे पोटात असताना कानावर पडलेलं काहीतरी बाळ सोबत घेऊन येतं. शब्द पोचत नाहीत, चाल पोचते.

व्हिडिओ आला आणि वेळ दिसायला लागली

आई आणि बाळ एकमेकांकडे बघून हसतात, हे कुणालाही दिसतं. आधी कोण हसलं, हे मात्र डोळ्यांना टिपता येत नाही, कारण सगळं सेकंदाच्या आत घडतं. १९७०च्या दशकात डॅनियल स्टर्न यांच्यासारख्या संशोधकांनी आई-बाळाचं चित्रण चौकटी-चौकटीने, थांबवत थांबवत पाहायला सुरुवात केली. त्यात दिसलं ते गमतीचं होतं. दोन-तीन महिन्यांचं बाळ आवाज काढतं, थांबतं, वाट बघतं. आई उत्तर देते आणि तीही थांबते. एकही शब्द नाही, पण संभाषणाचा सांगाडा तयार.

मग हा सांगाडा मुद्दाम मोडून पाहायचं ठरलं. एडवर्ड ट्रॉनिक यांचा प्रयोग तुम्ही इंटरनेटवर पाहिलाही असेल. आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग सांगितल्याप्रमाणे दोनेक मिनिटं चेहरा अगदी निर्विकार ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, सगळे उपाय थकले की तोंड फिरवतं, रडायला लागतं. नंतर आई पुन्हा बोलू लागते. बघायला त्रास होतो, पण प्रयोग एवढ्यावर संपतो.

माझ्या मते त्याहून हुशार प्रयोग लिन मरे आणि कोल्विन ट्रेवार्थन यांचा. आई एका खोलीत, साधारण दोन महिन्यांचं बाळ दुसऱ्या खोलीत, मध्ये टीव्हीचा पडदा. थेट प्रक्षेपण असताना दोघांचं छान जमलं. मग बाळाला त्याच आईचं, तेच हसणं-बोलणं, पण थोड्या वेळापूर्वीचं रेकॉर्डिंग दाखवलं. चेहरा तोच, प्रेम तेच, तरी बाळ गोंधळलं, अस्वस्थ झालं. आईचं हसू आता त्याच्या हालचालीला मिळालेलं उत्तर राहिलं नव्हतं. पुढे हा प्रयोग करून पाहणाऱ्या सगळ्यांना एवढा स्पष्ट निकाल मिळाला नाही, हेही सांगायला हवं. पण उत्तराची वेळ महत्त्वाची असते, हे इतर अनेक मार्गांनी दिसून आलं आहे.

नातवंडं न्यू जर्सीत किंवा सिडनीत आणि आजी-आजोबा नाशकात, अशी हजारो मराठी घरं आहेत. त्यांच्यासाठी यात कामाची गोष्ट आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं तीन प्रकारे शिकवली: समोर बसून, थेट व्हिडिओ कॉलवर आणि रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून. व्हिडिओ कॉलवर मुलं समोरासमोर शिकल्यासारखीच शिकली. रेकॉर्डिंगवरून शिकली नाहीत. तेव्हा आजीने गोष्ट रेकॉर्ड करून पाठवण्यापेक्षा कॉलवर ‘माऊ कशी करते गं?’ विचारावं आणि उत्तराची वाट बघावी, हे बरं. नेटवर्क अडखळलं की पोरं का उठून जातात, याचं एक कारणही यातून कळतं.

तीन कोटींचा आकडा आला कुठून?

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी ४२ कुटुंबांच्या घरी जाऊन दर महिन्याला एक तास बोलणं रेकॉर्ड केलं. मुलं तीन वर्षांची होईपर्यंत हे चाललं. नंतरची काही वर्षं सगळं हाताने उतरवून मोजण्यात गेली. १९९५ मध्ये निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. उच्चशिक्षित व्यावसायिकांच्या घरात मुलाच्या कानावर तासाला दोन हजारांहून जास्त शब्द पडत होते, सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांत सुमारे सहाशे. हा फरक तासावरून दिवसावर, दिवसावरून चार वर्षांवर नेला की तीन कोटी होतात.

अडचण तुमच्या लक्षात आली असेल. तीन कोटी शब्द कुणी मोजलेले नाहीत. महिन्याच्या एका तासावरून केलेला तो हिशेब आहे. शिवाय सरकारी मदतीवरची कुटुंबं त्यात होती फक्त सहा. घरात अनोळखी माणूस रेकॉर्डर घेऊन बसलेला असताना कोण मोकळेपणाने बोलेल आणि कोण संकोचेल, याचाही आकड्यावर परिणाम होतोच. २०१९ मध्ये डग्लस स्पेरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्याच पाच वस्त्यांमधली रेकॉर्डिंग तपासली. आईखेरीज घरातली इतर माणसं आणि मुलाच्या कानावर सहज पडणारं बोलणं धरलं, तेव्हा ही दरी तशी दिसली नाही. एकाच आर्थिक थरातल्या दोन वस्त्यांमध्येही मोठे फरक निघाले. यावर अजून वाद चालू आहे. पण व्हॉट्सॲपवर जो आकडा दगडावरच्या रेघेसारखा फिरतो, तो इतका पक्का नाही.

मग दिवसभर मोजणारं यंत्र आलं

हार्ट आणि रिस्ली यांचं काम वाचून टेरी आणि ज्युडी पॉल या अमेरिकी दाम्पत्याने एक प्रणाली उभी केली. तिचं नाव लीना. तळहातात मावेल एवढा रेकॉर्डर बाळाच्या खास शिवलेल्या बंडीच्या खिशात ठेवायचा. तो सोळा तासांपर्यंत सगळं टिपतो. मग संगणक आवाजांची विभागणी करतो: हे बाळ, हे दुसरं मूल, ही बाई, हा पुरुष, हा टीव्ही, हा नुसता गोंगाट.

हा संगणक शब्द ओळखत नाही. तुमच्या मोबाइलमधला पावलं मोजणारा प्रोग्राम तुम्ही देवळात गेलात की दवाखान्यात हे जाणत नाही, हिसक्यांवरून पावलांचा अंदाज सांगतो. लीनाही ध्वनीच्या चढउतारावरून शब्दांचा अंदाज सांगते. आई अंगाई म्हणते आहे की दूधवाल्याशी भांडते आहे, तिला फरक पडत नाही.

त्या यंत्राला मराठी कळतं का?

कळत नाही, पण इंग्रजीही कळत नाही. त्याची घडण मात्र अमेरिकी इंग्रजी बोलणाऱ्या घरांच्या रेकॉर्डिंगवर झाली आहे. इतर भाषांत वापरायचं तर आधी माणसांनी काही भाग स्वतः ऐकून अंदाज कितपत जुळतो ते तपासावं लागतं.

भाषेपेक्षा मोठी अडचण घराची आहे. दोन आवाज एकमेकांवर आले की यंत्र तो तुकडा बाजूला टाकतं. आजी, काकू, शेजारीण, कुकरची शिट्टी आणि वरून मालिका, अशा आपल्या घरात किती तुकडे बाजूला पडतील, विचार करा. दुसरं म्हणजे मोठ्यांचे शब्द मोजताना इतर मुलांचं बोलणं धरलं जात नाही. आणि आपल्याकडे बाळाशी दिवसभर बडबडतं कोण? ताई, दादा, चुलत भावंडं. अमेरिकेतल्या चौकोनी कुटुंबाला बेतलेली ही फूटपट्टी वाड्यात नेऊन ‘इथे बोलणं कमी आहे’ असं कुणी म्हणालं, तर आधी फूटपट्टीकडे बघावं.

काही गोष्टी मात्र भाषेच्या पलीकडे जातात. बाळाशी बोलताना आपण आवाज चढवतो, सूर लांबवतो, भूभू-माऊ-मम्मम अशी वेगळीच बोली वापरतो. हिला बाळबोली म्हणू. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६४ मध्येच मराठी बाळबोलीवर शोधनिबंध लिहिला होता. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतल्या बाळबोलींची तुलना केली, त्यातही मराठी होती. तेव्हा हातात होती वही आणि कान. २०१७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या एलिझ पियाझा यांनी संगणकाकडून आयांच्या आवाजाचा पोत तपासून घेतला. इंग्रजी बोलणाऱ्या आयांवर शिकवलेला प्रोग्राम इतर भाषांतल्या आयाही केव्हा बाळाशी बोलताहेत आणि केव्हा मोठ्यांशी, ते ओळखू शकला.

शब्दांऐवजी फेऱ्या मोजल्या तर?

लीनाचा सगळ्यात उपयोगी आकडा शब्दांचा नाहीच. बाळाने आवाज काढला आणि पाच सेकंदांच्या आत मोठं माणूस काही बोललं, किंवा उलट घडलं, तर ती संवादाची एक फेरी धरतात. ‘बाऽ’ला ‘काय गं, बाबा हवा?’ एवढं उत्तरही चालतं.

२०१८ मध्ये दोन अभ्यास आले. एकात दीड-दोन वर्षांच्या वयात ज्यांच्या फेऱ्या मोजल्या होत्या अशा १४६ मुलांची ९ ते १४ वर्षांच्या वयात चाचणी घेतली. लहानपणी फेऱ्या जास्त, तर भाषेचे आणि बुद्धिमत्ता चाचणीचे गुण जास्त, असा संबंध दिसला. दुसरा रेचेल रोमिओ आणि एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातल्या सहकाऱ्यांचा. चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांना एमआरआयमध्ये गोष्टी ऐकवल्या. ज्यांच्या घरी फेऱ्या जास्त, त्यांच्या मेंदूचा भाषेशी निगडित एक भाग जास्त सक्रिय होता. नुसत्या ऐकलेल्या शब्दांच्या संख्येशी तो संबंध दिसला नाही.

इथे रास्त आक्षेप येतो: बोलक्या आईबापांची मुलं रक्तातूनच बोलकी असतील, यात फेऱ्यांचं काय श्रेय? बरोबर आहे. संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही. त्यासाठी काही घरांत मुद्दाम बदल करून पाहावा लागतो. सिएटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या संस्थेने तो केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कुटुंबांची विभागणी झाली. एका गटातल्या पालकांना त्यांचीच रेकॉर्डिंग दाखवून ‘इथे बाळ काहीतरी म्हणालं, इथे उत्तर देता आलं असतं’ असं अधूनमधून समजावलं. त्या घरांत फेऱ्या वाढल्या आणि दीड वर्षाच्या वयात मुलं सरासरी शंभरेक शब्द बोलत होती, दुसऱ्या गटात साठेक. हे शब्द पालकांनीच नोंदवलेले होते, तेवढं सावधपणे घ्यावं.

आणि ज्यांना सरळ रेषा आवडते त्यांच्यासाठी एक खडा. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका गटाने लीना आणि एमआरआय दोन्ही वापरून मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण मोजलं. हे आवरण वाढलं की संदेश वेगाने जातात. अडीच वर्षांच्या मुलांत जास्त बोलणं ऐकणाऱ्यांचं आवरण जास्त होतं. सहा महिन्यांच्या बाळांत मात्र नेमकं उलट! कदाचित त्या वयात मेंदू अजून पेशी वाढवण्यात गुंतलेला असतो आणि बोलणं ऐकल्याने तोच टप्पा लांबतो, असा संशोधकांचा अंदाज आहे. ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे पोस्टरवर शोभतं, मेंदूत इतकं सरळ नसतं.

दोन मेंदू एका तालात?

एमआरआयमध्ये बाळाला जागं आणि स्थिर ठेवणं जवळपास अशक्य. म्हणून आता हलकी टोपी वापरतात. तिच्यातून त्वचेला इजा न करणारा अवरक्त प्रकाश डोक्यात सोडायचा आणि किती परत येतो ते मोजायचं. रक्तातल्या प्राणवायूनुसार हे प्रमाण बदलतं, त्यावरून मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते कळतं. टोपी बाळालाही घालता येते आणि समोरच्या मोठ्या माणसालाही.

२०२० मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने ९ ते १५ महिन्यांच्या ४२ बाळांवर हे करून पाहिलं. तिघांनी टोपी घालूच दिली नाही, २१ जणांनी इतकी चुळबुळ केली की नोंदी वाया गेल्या, उरली १८. बाळांची संख्या या अभ्यासांत लहान का असते, ते यावरून कळावं. समोरची व्यक्ती बाळाशी खेळत-गात असताना दोघांच्या मेंदूंमधले चढउतार एकमेकांशी जुळत होते. ती तोंड फिरवून दुसऱ्या कुणाला गोष्ट सांगू लागली की जुळणं ओसरायचं. पुष्कळदा बाळाचा मेंदू किंचित पुढे असायचा, जणू आता काय होणार याचा अंदाज घेत. ‘आई आणि बाळाचे मेंदू जोडले जातात’ अशा मथळ्यांनी ही बातमी फिरली. त्या प्रयोगात समोर बसलेली व्यक्ती आई नव्हतीच, एक संशोधक होती.

बाळ एआयसारखं शिकतं का?

२०२४ च्या त्या बातमीतलं बाळ ऑस्ट्रेलियातलं, अभ्यासात त्याचं नाव सॅम. सहा महिन्यांपासून सुमारे दोन वर्षांपर्यंत तो आठवड्यातून थोडा-थोडा वेळ डोक्यावर छोटा कॅमेरा घालायचा. जमलं ६१ तासांचं चित्रण, म्हणजे त्याच्या जागेपणाचा जेमतेम एक टक्का. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गटाने त्यातलं दृश्य आणि त्याच वेळी कानावर पडलेलं वाक्य, एवढ्यावर प्रोग्रामला शिकवलं. नंतर एक शब्द देऊन चार चित्रांतून योग्य चित्र निवडायला लावलं. उत्तर सुमारे ६२ टक्के वेळा बरोबर आलं. डोळे मिटून निवडलं तर २५ टक्के येतं.

यातून सिद्ध एवढंच होतं की काही शब्दांसाठी ‘जे दिसतं आणि जे ऐकू येतं’ याची सांगड पुरू शकते. बाळ असंच शिकतं, हे सिद्ध होत नाही. प्रोग्राम सॅमचं जग नुसतं बघत होता. सॅम त्यात बोट दाखवत होता, वस्तू उचलत होता. इंडियाना विद्यापीठात लिंडा स्मिथ आणि चेन यू यांनी अशाच कॅमेऱ्यांतून दाखवलं आहे, की रांगतं-चालतं बाळ वस्तू हातात धरून चेहऱ्याजवळ आणतं तेव्हा त्याच्या नजरेत ती एकच वस्तू मोठी होऊन राहते. आईने त्याच क्षणी नाव घेतलं, तर शब्द पक्का बसण्याची शक्यता जास्त. धडा कधी सुरू करायचा, हे बाळ ठरवतं.

ज्या समाजात बाळाशी फारसं बोलतच नाहीत, तिथे काय?

मेक्सिकोतल्या त्सेल्ताल भाषा बोलणाऱ्या माया लोकांच्या वस्तीत मारिसा कासियास या संशोधिकेने दिवसभराची रेकॉर्डिंग घेतली. थेट बाळाला उद्देशून बोलणं तासाला चार मिनिटांहूनही कमी निघालं. तरीही मुलं पहिले शब्द आणि शब्दांच्या जोड्या इतर मुलांसारख्याच वयात बोलू लागली. पाठुंगळी बसून मोठ्यांचे व्यवहार बघत शिकणं, हाही एक रस्ता आहे.

२०२३ मध्ये एलिका बर्गेलसन आणि जगभरच्या सहकाऱ्यांनी १२ देशांतल्या १,००१ मुलांची ४०,००० तासांहून जास्त रेकॉर्डिंग एकत्र तपासली. मुलं किती आवाज काढतात, याचा आईच्या शिक्षणाशी संबंध दिसला नाही. आजूबाजूला मोठी माणसं किती बोलतात, याच्याशी मात्र दिसला. तीन कोटींच्या गोष्टीत ज्यांच्याकडे बोट दाखवलं जातं, त्यांच्यासाठी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. यात मोजले आवाज, शब्दसंपत्ती किंवा व्याकरण नव्हे, हेही खरं.

घरातलं सगळं कुणीतरी ऐकतंय?

ही भीती अगदी योग्य आहे. एमआयटीचे डेब रॉय यांनी २००५ मध्ये मुलगा झाल्यावर स्वतःच्याच घरात ११ कॅमेरे आणि १४ मायक्रोफोन बसवले आणि मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंतचं सुमारे ९०,००० तासांचं चित्रण गोळा केलं. त्यातून ‘गागा’चं ‘वॉटर’ कसं झालं, हे शब्दशः ऐकता येतं. पण त्यांच्या घरातही रेकॉर्डिंग बंद करायची आणि नको ते पुसायची सोय होती. चांगल्या अभ्यासांत पालकांना हीच मुभा असते, आणि बऱ्याचदा मूळ आवाज न ठेवता फक्त आकडे ठेवतात. घरात आलेल्या पाहुण्याची परवानगी कोण घेणार, हा प्रश्न मात्र चिवट आहे. बाजारात मिळणाऱ्या बाळ-गॅजेट्सचं तर वेगळंच: आवाज कुठे जातो, किती दिवस राहतो, हे अटींच्या जंगलात लपलेलं असतं.

मग एखादं गॅजेट घ्यावं का?

माझं उत्तर: नको. लीना संशोधनासाठी आणि प्रशिक्षणासाठी ठीक आहे. घरी रोजचा आकडा बघत बसलं की आई बाळाकडे बघायची ती पडद्याकडे बघते. आणि ‘शिकवणाऱ्या’ व्हिडिओंबद्दल कूल यांचाच २००३ चा प्रयोग आठवावा. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना बारा सत्रांत चिनी भाषा ऐकवली. समोर बसलेल्या माणसाकडून ऐकणाऱ्यांना त्या भाषेतले बारीक ध्वनी वेगळे ओळखता आले. तोच मजकूर टीव्हीवर बघणाऱ्यांना अजिबात नाही.

प्रत्येक ‘अं’ला उत्तर द्यायलाच हवं का, हा अपराधीपणाचा प्रश्न उरतो. निर्विकार चेहऱ्याचा प्रयोग करणाऱ्या ट्रॉनिक यांनीच दाखवून दिलं, की अगदी छान चाललेल्या जोड्यांमध्येही आई-बाळाचं सूत जुळलेलं असतं ते साधारण ३० टक्के वेळ, कित्येकदा त्याहून कमी. बाकी वेळ चुकामूक आणि पुन्हा जुळवून घेणं चालू असतं.

एक तपासणी मात्र खरंच मागून घ्यावी, आणि ती प्रसूतिगृहातच: श्रवण तपासणी. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून बारीक आवाज सोडतात. आतला कान ठीक असेल तर तो त्याला अतिशय मंद प्रतिध्वनी देतो आणि यंत्र तो टिपतं. काही मिनिटांचं काम, दुखत नाही. दर हजार नवजात बाळांत एक ते तीन बाळांना जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असतो, आणि हसऱ्या, टकमक बघणाऱ्या बाळात तो महिनोन्‌महिने लक्षात येत नाही. जगभर मानलं जाणारं वेळापत्रक असं: एक महिन्याच्या आत तपासणी, तीन महिन्यांपर्यंत पक्कं निदान, सहा महिन्यांपर्यंत उपचार किंवा श्रवणयंत्र, आणि घरच्यांना खुणांची भाषा शिकायची असेल तर तीही तेव्हापासूनच. दोष आढळला किंवा शंका असली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.